मेसमध्ये जेवताना कोणते नियम पाळायचे आणि कोणता नियम पाळायचाच नाही?

जुलै-ऑगस्ट आला की नागपुरात खोल्या शोधणाऱ्यांची गर्दी सुरू होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळहून मुलं-मुली कॉलेजसाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी येतात. खोली मिळाली की पुढचा प्रश्न मेसचा. घरी चार माणसांत जेवायची सवय आणि इथे एकदम पन्नास-शंभर अनोळखी माणसं. कुठे बसायचं, किती वाढून घ्यायचं, डब्यातून आणलेलं अंड काढलं तर कोणी बोलेल का, असे प्रश्न पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच पडतात.

पण अनोळखी माणसांसोबत जेवणं ही काही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. मेसच्या आधी आपल्याकडे पंगत होतीच.

पंगतीचे नियम काय होते?

पंगतीत केळीचं पान मांडलं की वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी वाढायची. जे थोडं लागतं ते डावीकडे आणि जे जास्त लागतं ते उजव्या हाताजवळ, असा साधा हिशोब. भात-वरण-तूप सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी जेवायला सुरुवात करायची नाही आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत उठायचं नाही.

आपण आपल्या हाताने वाढून घ्यायचं नाही, हा आणखी एक नियम. उजवा हात उष्टा असतो, म्हणून वाढायला वाढपी. इथे दोन शब्द नीट समजून घ्यायला हवेत. तोंड लागलेलं ते उष्टं. जेवण झाल्यावर ताटाला चिकटलेलं, सांडलेलं ते खरकटं. उष्टा हात सगळ्यांच्या अन्नाला लागू नये आणि खरकटं कोणाच्या पायाखाली येऊ नये, एवढंच या नियमांमागे होतं.

मेसमध्ये हेच नियम कसे लागू होतात?

वाढपी गेले, बुफे आला, पण कारणं तीच राहिली.

- वाढून घ्यायचा डाव किंवा चमचा ताटाला टेकवू नका. पोळी घ्यायची तर चिमट्याने किंवा कोरड्या, न जेवलेल्या हाताने.
- एका भाजीचा डाव दुसऱ्या भाजीत घालू नका. मटणाच्या रश्श्याचा डाव वरणात गेला तर शाकाहारी माणसाचं जेवणच थांबतं.
- पहिल्यांदा थोडं घ्या. रांगेत मागे उभ्या असलेल्यांसाठी पनीर उरलं पाहिजे. हवं तर पुन्हा या.
- गर्दीच्या वेळी जेवण झाल्यावर खुर्ची अडवून रील बघत बसू नका.
- खरकटं बादलीत, ताट ठरलेल्या जागी. टेबल पुसणारे काका-मावशी तुमचे नोकर नाहीत, त्यांना अहो-जाहो करा.
- दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडू नका. सुकट, अंबाडीची भाजी, अंडं, काहीही असो.

हे सगळे नियम एका गोष्टीबद्दल आहेत. तुम्ही कसं वागता.

मग पाळायचा नाही असा नियम कोणता?

पंगतीला दुसरी बाजूही होती. मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला तूप जास्त आणि दुसऱ्याला कमी, म्हणजे वाढताना केलेला दुजाभाव. पण त्याहून मोठा भेदभाव पंगत बसायच्या आधीच झालेला असायचा. कोण कोणाच्या शेजारी बसणार, कोणाची पंगत नंतर आणि कोणाची बाहेर, हे जातीवर ठरायचं. आणि त्यालाही रीतच म्हटलं जायचं.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून एवढा गदारोळ झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं.

ज्यांना जातीने खालचं ठरवलं होतं, त्यांच्यासाठी तर हे रोजचंच होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेला माणूस. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला होता.

हा नियम मोडला कोणी?

अनेकांनी. त्यातलं मेसच्या सगळ्यात जवळचं उदाहरण साताऱ्याचं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये तिथे वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र काम करायची आणि एकत्र जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही दिलं.

नागपूरपासून साधारण ७५ किलोमीटरवरच्या सेवाग्राममध्ये गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. तिथेही जेवणाची रांग एकच होती आणि कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची होती.

स्वातंत्र्यानंतर हे कायद्यात आलं. संविधानाच्या कलम १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही सार्वजनिक उपाहारगृहात अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर सार्वजनिक हॉटेल, धर्मशाळेतली भांडी वापरू न देणं हासुद्धा गुन्हा आहे.

म्हणजे विषय संपला का?

नाही. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत वसतिगृहांच्या एका मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारी जेवणासाठी राखून ठेवण्यात आली. मांसाहाराच्या वासाने, दिसण्याने काहींना त्रास होतो, असं कारण दिलं गेलं. काही विद्यार्थ्यांनी हा भेदभाव आहे म्हणत त्याच टेबलावर बसून निषेध केला आणि एका विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचा दंड झाला.

वास सहन न होणं खोटं नसतं. पण त्याचे दोन उपाय असतात. वेगळं भांडं, वेगळा डाव, वेगळा काउंटर हा अन्नाबद्दलचा नियम आहे. ‘या टेबलावर तू बसू नकोस’ हा माणसाबद्दलचा नियम होतो. आपल्याकडे कोण काय खातं याचा जातीशी, धर्माशी जुना संबंध आहे, त्यामुळे टेबल वेगळं केलं की फक्त ताट वेगळं होत नाही.

मग नियम ओळखायचा कसा?

स्वतःला एकच प्रश्न विचारा. हा नियम माझ्या वागण्याबद्दल आहे की समोरच्याच्या ओळखीबद्दल? डाव उष्टा करू नका, अन्न टाकू नका, रांग मोडू नका, हे सगळ्यांना सारखं लागू होतं. कोणी कुठे बसायचं हे आडनाव किंवा डबा बघून ठरत असेल, तर ती शिस्त नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या आठवणीत दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि आसपासच्या रस्त्यांवर भोजनदानाचे स्टॉल लागतात. तिथे कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. रांगेत उभं राहायचं, ताट घ्यायचं, जेवायचं आणि पत्रावळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची. मेसमध्येही एवढं जमलं तरी पुरे.