चेंडू चालला, कप चालला नाही

आडनाव विचारून माणूस जोखायची आपली खोड किती जुनी आहे, हे बघायचं तर पालवणकर बाळूंची गोष्ट माहीत हवी.

चर्मकार समाजातले बाळू १८९० च्या दशकात पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर काम करायचे. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावखुरी फिरकी अशी जबरदस्त की गावभर बोलबाला झाला.

तेव्हा संघच वंश आणि धर्मावर बनत. युरोपियन, पारशी, हिंदू. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून कुरकुर करत का होईना, बाळूंना घेतलं. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर, आणि चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात!

१९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून जास्त बळी घेतले. हळूहळू वेगळी भांडी गेली, एका पंगतीत जेवण सुरू झालं. लोकांना वाटलं, झालं, भेद मिटला.

पण कर्णधारपद? ते काही बाळूंना मिळालं नाही. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्या वर्षी संघ जिंकलाही.

मला यातली मेख ही वाटते. कसब आपण पटकन मान्य करतो, कारण त्यात आपला फायदा असतो. विकेट हवी असते ना! पण कर्णधार करायचा म्हणजे त्या माणसाची सचोटी, त्याचा निर्णय मानायचा, त्याच्या शब्दावर चालायचं. तिथे जात आडवी येते.

आज आपल्या तालुक्यात काय वेगळं आहे? मिस्त्री चांगला असेल तर घर बांधायला कोणीही चालतो. तेच घर भाड्याने देताना पहिला प्रश्न, “आडनाव काय म्हणालात?” माणूस भाडं वेळेवर देईल का, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावेल का, हे कोण विचारतो?

बाळू १९५५ मध्ये गेले. भांडं बदलायला आपल्याला काही वर्षं लागली. भरवसा टाकायला अजून किती लागणार, बोला.