रोमची सत्ता आणि कोकणचा किनारा

रोमचा इतिहास म्हटला की सीझरचा खून, हनिबालचे हत्ती आणि शिस्तीने पावले टाकणाऱ्या पलटणी एवढेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. टोरांटोच्या रॉयल ओंटारियो म्युझियममधील रोमन दालनात संगमरवरी पुतळे न्याहाळणाऱ्या मराठी मुलास हा सारा परक्यांचा इतिहास वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पणजोबा कोकणातील किंवा घाटावरील एखाद्या खेड्यातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात गेले, तेथून पुढची पिढी कॅनडात आली. या वाटचालीत रोमचा संबंध कोठे येतो? तथापि कोकणच्या बंदरांतून समुद्रापार जाण्याची वाट एकोणिसाव्या शतकात प्रथम पडली, असे मात्र नव्हे. त्या वाटेचे पश्चिमेकडील टोक दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या तलवारीने आपल्या ताब्यात घेतले होते, आणि पूर्वेकडील टोकासाठी सातवाहन व क्षत्रप यांनी एकमेकांचे रक्त सांडले होते.

टायबर नदीकाठचे एक लहानसे नगर एवढेच रोमचे आरंभीचे स्वरूप होते. प्रथम इटलीतील शेजारी नमविले, नंतर इ. स. पू. २६४ ते १४६ या काळात तीन युद्धे करून कार्थेजचे आरमारी राज्य धुळीस मिळविले. परंतु पूर्वेकडे रोमला पार्थियन राजांची भिंत आडवी आली. इ. स. पू. ५३ मध्ये क्रॅसस हा धनाढ्य सेनापती सात पलटणी घेऊन त्यांच्यावर चालून गेला आणि कऱ्हीच्या मैदानात घोडेस्वार तिरंदाजांपुढे त्याच्या सैन्याचा धुव्वा उडाला. तो स्वतःही त्या मोहिमेत मारला गेला. खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थान गाठणे रोमला साधणार नाही, हे या पराभवाने दाखवून दिले.

जी गोष्ट जमिनीवर साधली नाही ती समुद्राने साधून दिली. इ. स. पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या आरमारी लढाईत ऑक्टेव्हियनने अँटनी व क्लिओपात्रा यांचा पराभव केला, आणि पुढील वर्षी ईजिप्त देश रोमच्या अमलाखाली आला. प्लूटार्कने दिलेल्या वृत्तान्तानुसार क्लिओपात्राने आपला पुत्र सीझेरियन यास खजिन्यासह हिंदुस्थानकडे रवाना केले होते. परंतु त्यास फसवून माघारी आणण्यात आले व ठार करण्यात आले. राज्य बुडत असता राणीला हिंदुस्थानचा किनारा आसरा वाटावा, यावरून तो किनारा ईजिप्तला किती परिचित होता हे ध्यानात येते. ऑक्टेव्हियन हाच पुढे ऑगस्टस या नावाने सम्राट झाला. ईजिप्तचे महत्त्व ओळखून त्याने सिनेटच्या सभासदांना आपल्या अनुज्ञेवाचून तेथे पाऊल ठेवण्यास बंदी केली.

यानंतर तांबड्या समुद्रावरील मायोस होर्मोस व बेरेनिके या बंदरांतून व्यापाराला भरती आली. स्ट्रेबो हा भूगोलकार लिहितो की, त्याच्या काळी वर्षाला सुमारे १२० गलबते हिंदुस्थानकडे जात. ती उन्हाळ्यात ईजिप्तहून निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडीत, आणि वारा फिरल्यावर हिवाळ्यात माघारी वळत. बंदरापासून नाईल नदीपर्यंतच्या वाळवंटी रस्त्यावर विहिरी खणून चौक्या बसविल्या होत्या व तेथे रोमचे शिपाई पहारा देत. पूर्वेकडील मालावर चतुर्थांश, म्हणजे शंभरास पंचवीस, जकात घेतली जाई. प्लिनी तक्रार करतो की, हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्या वेळी पलटणीतील शिपायाचा वार्षिक पगार ९०० सेस्टर्स होता. हिशेब केल्यास ही रक्कम पंचावन्न हजार शिपायांच्या, म्हणजे सुमारे दहा पलटणींच्या, वर्षाच्या पगाराएवढी भरते. रोमी दरबाराला ही बाब का बोचत होती, ते या एका आकड्यावरून समजावे.

आता या वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोच, सोपारा, कल्याण व चौल या बंदरांचा उल्लेख येतो. घाटमाथ्यावरील पैठण व तेर या पेठांतून बैलगाड्यांनी माल भडोचला उतरे. कल्याणविषयी मात्र ग्रंथकार वेगळीच हकीकत सांगतो. पूर्वी हे बंदर उघडे होते. आता ते दुसऱ्या सत्तेच्या हाती गेले असून, तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. याचा अर्थ स्पष्ट आहे. नाणेघाटाने जुन्नर व पैठण यांना जोडलेले कल्याण हे सातवाहनांचे बंदर. भडोच हे क्षत्रपांचे. शत्रूचे बंदर ओस पाडून जकात आपल्या पदरात पाडून घ्यावी, असा तो डाव होता.

हा डाव अखेरीस गौतमीपुत्र सातकर्णीने उलटविला. क्षहरात क्षत्रप नहपान याचा त्याने पाडाव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात कोरविलेल्या लेखात, शक, यवन व पह्लव यांचा संहार करणारा म्हणून पुत्राचा गौरव केला आहे. त्याहून बोलका पुरावा १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडला. नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा तो साठा होता, आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. एका राजाचे राज्य गेले आणि दुसऱ्याचे आले, याची साक्ष एकाच नाण्यावर उमटून राहिली.

राजे लढले, जकातीची वाटणी बदलली. परंतु या वाटेने जी माणसे आली-गेली त्यांचे काय झाले? कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील सिहधय, धम्म इत्यादी यवन आहेत. यवन हा शब्द त्या काळी ग्रीकांना व एकंदरीत पश्चिमेकडील परकीयांना लावीत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या व चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दान केल्याचे लेख आहेत. हे लेख ग्रीकमध्ये नाहीत. ते ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. दाता स्वतःस यवन म्हणवितो, आपले मूळ लपवीत नाही; पण खांब देतो तो या भूमीतील वास्तूला, आणि तोही येथल्या लोकांना वाचता यावा अशा भाषेत.

याचेच प्रतिबिंब समुद्राच्या पलीकडेही सापडले आहे. बेरेनिकेच्या उत्खननात आयसिस देवीच्या मंदिरात संस्कृत व ग्रीक अशा दोन्ही भाषांतील शिलालेख, बुद्धाची मूर्ती आणि सातवाहनांची दोन नाणी मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. शिलालेख सम्राट फिलिपच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ. स. २४८ च्या सुमाराचा असून, वासुल नावाच्या एका क्षत्रियाच्या दानाचा तो आहे. हा सम्राटही रोममध्ये जन्मलेला नव्हता. तो अरबस्तान प्रांतातला. रोमचे हे एक वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. नागरिकत्वासाठी इटलीतील दोस्त राज्यांना इ. स. पू. ९१ मध्ये शस्त्र उचलावे लागले, तेव्हा त्यांना ते मिळाले, प्रांतोप्रांतीच्या साहाय्यक सैनिकांना पंचवीस वर्षे नोकरी केल्यावर मिळाले, आणि इ. स. २१२ मध्ये कॅराकॅला सम्राटाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना ते देऊन टाकले. गुलाम मात्र या हुकुमाबाहेर राहिले, हेही विसरता कामा नये.

तिसऱ्या शतकात सेनापतींच्या बंडाळीने, नाण्यातील चांदी घटल्याने व सरहद्दीवरील स्वाऱ्यांनी रोमची घडी विसकटली आणि हा व्यापारही मंदावला. सातवाहनांचे राज्यही त्याच शतकात लयास गेले.

सोळा शतकांनंतर याच समुद्रावरून दुसऱ्या एका साम्राज्याची जहाजे चालू लागली. १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला, आणि १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसे त्यांतच होती. दोन्ही काळांतील भेद मोठा आहे. पूर्वी मिरी, सुती कापड व रत्ने यांचा सौदा होई आणि किंमत विकणाराही ठरवी; या वेळी सौदा माणसाच्या श्रमाचा होता, आणि कागदावर अंगठा उठविणाऱ्याला त्यातील मजकूर बहुधा वाचता येत नव्हता. वर 'समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला' हा बोलही त्याच्याच माथी बसला. कल्याण, सोपारा व चौल यांचा इतिहास पाहता या बोलात किती अर्थ होता, हे निराळे सांगावयास नको.

त्या मजुरांची नावे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेल्या दप्तरांत आढळतात. ती सरकारी कारकुनाने, सरकारच्या सोयीसाठी, त्याला ऐकू आली तशी लिहिली. कार्ल्याच्या यवनाने मात्र आपले नाव स्वतःच्या इच्छेने, स्वतः दिलेल्या खांबावर कोरविले. करारावर गेलेल्या माणसाच्या वंशजांनी मॉरिशसमध्ये देवळे बांधली, मराठी टिकविली, आणि आज त्यांपैकी काही कुटुंबे कॅनडाच्या थंडीत गणेशोत्सव साजरा करतात. दप्तरातील नावापासून खांबावरील नावापर्यंतचा हा प्रवास होय. रोमच्या पलटणी गेल्या, क्षत्रपांची नाणी दुसऱ्याच्या ठशाखाली झाकली गेली. परंतु परक्या भूमीला आपली मानून तिथे दिलेले खांब व पाण्याच्या पोढ्या आजही सह्याद्रीत पाहावयास मिळतात. म्युझियमच्या त्या दालनात मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकांनी एवढी गोष्ट त्याला अवश्य सांगावी.