चाळमालकाचं गणित कुठे चुकलं?

गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. "बदलापूरला वनबीएचके बघितलाय. तीस लाख. भाड्याने देतो, हप्ता भाड्यातूनच निघेल. घेऊ का?" मी म्हटलं, थांब, आधी मुंबईच्या चाळमालकांची गोष्ट ऐक.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या, कोकण-देशावरून माणसं आली आणि त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. काही चाळी गिरणीवाल्यांनी, काही सरकारने बांधल्या, पण बहुतेक खासगी मालकांच्या होत्या. हिशेब साधा होता. समजा, चाळीला साठ हजार खर्च आला. चाळीस खोल्या, प्रत्येकी दहा रुपये भाडं. वर्षाला झाले ४,८००, म्हणजे आठ टक्के. (आकडे माझे, समजण्यापुरते.) मागणी इतकी की खोली रिकामी राहायची भीती नाही. कागदावर एकदम पक्कं काम!

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडं नियंत्रणात आणणारा कायदा आला. असा कायदा तात्पुरता असतो असं सगळ्यांनाच वाटतं. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात प्रमाण भाडं धरलं गेलं १ सप्टेंबर १९४० चं. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेला तिचं पहिलं भाडं. महापालिकेचा कर वाढला तर ती वाढ भाडेकरूकडून घेता यायची, पण मूळ भाडं जागच्या जागी.

आता गणित परत मांडा. भाडं तेच. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी मात्र दरवर्षी वर. मालकाने काय केलं असेल? डागडुजी थांबवली. जिने डुगडुगायला लागले, पावसाळ्यात इमारती कोसळायला लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. भाडेकरूला दोष देऊ नका हं. गिरणीत राबणाऱ्याला ते भाडं परवडलं म्हणूनच तो शहरात टिकला.

मग आली पगडी. महिन्याचं भाडं वाढवता येत नाही, तर जागा देतानाच एकरकमी पैसे घ्या. खोली दुसऱ्याच्या नावावर करायची असली की मालकाचा वाटा ठरलेला. हे बेकायदा होतं, म्हणून व्यवहार रोखीत, पावतीशिवाय. आणि खोलीची मालकी भाडेकरूकडे नाहीच, तर बँक तारण कशाचं घेणार? घरच्यांचे दागिने, पतपेढी, मामा-काकांकडून उसने, असं करून माणसं पगडी जमवायची. पगडीला कायद्याने मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात. त्यातच वर्षाला चार टक्के भाडेवाढही आली. त्याआधी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की जुन्या भाड्याला असं चिकटून राहणं आता अवाजवी आहे.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो पुढचा भाग. भाड्याने द्यायला बांधणं परवडेना, तेव्हा बिल्डर घरं विकायला लागले. 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द घराघरात पोचायला भाडेकायद्याचाही मोठा हात आहे. १९६३ मध्ये या फ्लॅटसाठी वेगळा कायदा झाला. पण पगारदाराने पैसे आणायचे कुठून? पीएफ, ग्रॅच्युइटी, म्हणजे घर बऱ्याचदा निवृत्तीच्या तोंडावर. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली आणि पगाराच्या भरवशावर वीसेक वर्षांचं कर्ज हळूहळू रुळलं.

त्याच कर्जावर माझा मित्र उडी मारायला निघालाय. बसलो दोघं कॅल्क्युलेटर घेऊन. चोवीस लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता जवळजवळ २०,८००. भाडं मिळेल म्हणे ७,०००. वर्षाचे ८४,०००, तीस लाखांवर २.८ टक्के. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम, एखादा रिकामा महिना वजा करा. चाळमालकाला निदान पहिल्या दिवशी तरी आठ टक्के दिसत होते!

"पण किंमत वाढेल ना?" तो म्हणाला. वाढेलही. मग तू भाड्यावर नाही, किमतीवर पैसे लावतोयस, आणि तोवर महिन्याला चौदा हजार खिशातून भरायची तयारी ठेव. नोकरी गेली तर किती महिने भरशील?

अजून त्याने टोकन दिलेलं नाही. सोसायटीकडे मेंटेनन्सच्या मागच्या तीन वर्षांच्या पावत्या मागितल्यात.