मिनामाताचे दोन विद्यार्थी

1961 च्या उन्हाळ्यात कुमामोतो विद्यापीठातले एक सव्वीस वर्षांचे डॉक्टर दक्षिण जपानमधल्या मिनामाता गावात कोळ्यांच्या घरोघर फिरत होते. मासाझुमी हाराडा त्यांचं नाव. वैद्यकीची पदवी 1959 मध्ये मिळाली होती आणि आता मेंदूविकार व मानसोपचार विभागात पुढचं शिक्षण चालू होतं. एका घराच्या पडवीत त्यांना दोन भाऊ खेळताना दिसले. दोघांचं बोलणं, हालचाल सारखीच बिघडलेली. आई आल्यावर हाराडांनी विचारलं, दोघांनाही मिनामाता रोग आहे ना? ती म्हणाली, थोरल्याला आहे, धाकट्याला नाही. धाकट्याचा पांगळेपणा जन्मापासूनचा आहे असं डॉक्टर सांगतात, कारण त्याच्या तोंडात कधी मासा गेलाच नाही. मग तिने या तरुण डॉक्टरांना आपलं मत ऐकवलं. मासे मी खाल्ले, तेव्हा हा माझ्या पोटात होता. माझ्यातलं विष त्याच्यात उतरलं. पटत नसेल तर वस्तीत जाऊन बघा, त्या सुमाराला जन्मलेली आणखी मुलं अशीच आहेत.

त्या काळच्या वैद्यकात याला जागा नव्हती. वार आईच्या रक्तातलं विष अडवते, बाळापर्यंत पोचू देत नाही, असं शिकवलं जाई. हाराडाही तेच शिकले होते. तरी ते वस्तीत गेले.

मी मुंबईजवळच्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. खाडीच्या गाळातले जड धातू, पालेभाजीवरची कीटकनाशकं, असे विषय घेऊन मुलं-मुली प्रबंधासाठी येतात. नमुने बाटल्यांत भरायचे, मोठ्या यंत्रावर मोजून आणायचे, तक्ते करायचे. हे सगळं करायलाच हवं. पण खाडीकाठच्या कोळणीला, भाजीच्या मळ्यात वाकून काम करणाऱ्या बाईला काय होतं आहे, हे त्या तक्त्यात आपोआप उतरत नाही. म्हणून मी त्यांना मिनामाताचा इतिहास सांगते, आणि त्यातही तिथल्या दोन विद्यार्थ्यांचा.

शिरानुई समुद्राच्या काठी चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. गावातली नोकरी, कर, मानमरातब सगळं कारखान्याभोवती. 1932 पासून तिथे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनू लागलं आणि त्या प्रक्रियेला पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून लागे. टाकीतच त्यातल्या थोड्या पाऱ्याचा मिथाइल पारा होई. सांडपाण्याबरोबर तो खाडीत गेला. तिथून शिंपल्यांत, माशांत, माशांवर जगणाऱ्या मांजरांत आणि शेवटी माणसांत. मांजरं आधी वेडीवाकडी नाचू लागली, समुद्रात पडून मेली. मग माणसांची बोटं बधिर झाली, दृष्टी आक्रसली, जीभ जड झाली, तोल गेला. 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मेंदूच्या या अनोळखी आजाराची सरकारी आरोग्य केंद्रात नोंद केली. 1959 च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या गटाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. सांडपाण्याच्या तोंडाशी गाळात टनामागे दोन किलो पारा सापडला होता. तिथल्या रुग्णांच्या केसांत दर ग्रॅममागे 705 मायक्रोग्रॅमपर्यंत पारा निघाला; बाहेरच्या लोकांच्या केसांत सरासरी चार होता.

एवढं समोर असताना पुढे काय व्हावं? रासायनिक उद्योगाच्या संघटनेतल्या अधिकाऱ्याने सांगितलं की महायुद्धानंतर समुद्रात टाकलेल्या दारूगोळ्याचा हा परिणाम आहे. तोक्योतल्या एका प्राध्यापकांनी दोष अमाइन नावाच्या द्रव्यांवर टाकला. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करणारं संयंत्र गाजावाजा करून बसवलं. सेंद्रिय पारा काढण्यासाठी ते बांधलेलंच नव्हतं. 30 डिसेंबर 1959 रोजी रुग्णांशी करार झाला. मृत्यूमागे तीन लाख येन, जगलेल्या प्रौढाला वर्षाला एक लाख, मुलाला तीस हजार. आणि कारखानाच कारण आहे असं पुढे सिद्ध झालं तरी जास्त मागणार नाही, अशी अट. घरात कमावता माणूस आडवा पडलेला, मासे कोणी विकत घेत नाही, तोंडावर नवं वर्ष. त्यांनी सह्या केल्या. हा करार वाचताना मला आजही संताप येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

हाराडा वस्तीत पोचले ते हे सगळं मिटलं असं जाहीर झाल्यानंतर. दारं उघडत नव्हती. रोगाची पुन्हा चर्चा झाली तर मासळी खपणार नाही, म्हणून घरातला रुग्ण लपवला जाई. पांढरा डगला दिसला की लोक परत पाठवत. हाराडा पुन्हा जात. जन्मापासून पांगळी मुलं त्यांनी एकेक करून तपासली. मान न धरणं, लाळ गळणं, हातापायांचा ताबा नसणं, बोलता न येणं. सोळाच्या सोळा मुलांचं चित्र एकाच साच्यातलं. सगळी एकाच काळात, एकाच किनाऱ्यावर, मासे खाणाऱ्या आयांच्या पोटी जन्मलेली. आयांनाही सौम्य लक्षणं होती. लक्षणं एक, जागा एक, काळ एक, तर कारणही एकच असणार. यात कुठलंही महागडं यंत्र नाही. 1962 मध्ये अशा एका मुलीचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनाने आईचं म्हणणं खरं ठरवलं. त्याच नोव्हेंबरात त्या सोळा मुलांना जन्मजात मिनामाता रोग असल्याचं मान्य झालं. मिथाइल पारा वारेतून पलीकडे जातो, आणि बाळाच्या कोवळ्या मेंदूला आईच्या मेंदूपेक्षा जास्त पोळतो. आज गरोदर बाईला मोठे शिकारी मासे टाळायला सांगतात, त्याचं मूळ त्या पडवीत आहे.

पुढे हाराडा नाळेकडे वळले. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानमध्ये तिचा वाळलेला तुकडा लाकडी डबीत घालून जपतात. त्या डब्या त्यांनी मागून घेतल्या आणि तुकड्यांतला मिथाइल पारा मोजून घेतला. 1975 मध्ये त्याचा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आला. वर्षावर्षाने नाळेतला पारा कारखान्याच्या अ‍ॅसिटाल्डिहाइड उत्पादनाच्या चढउताराशी जुळत होता. 1960 मध्ये उत्पादन सुमारे 45,000 टनांवर होतं. कंपनीच्या हिशेबवह्यांचा पडताळा आयांच्या कपाटांत मिळाला. विषशास्त्रात याहून सुंदर पुरावा मला ठाऊक नाही, आणि याहून क्रूरही.

दुसरा विद्यार्थी रसायनशास्त्राकडून आला. जुन उई तोक्यो विद्यापीठातून 1956 मध्ये पदवी घेऊन प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरीला लागले. तिथेही पाऱ्याचा उत्प्रेरक वापरत, आणि तो पारा सांडपाण्यात सोडणाऱ्यांत ते स्वतः होते. मिनामाताच्या रोगामागे पारा असल्याची बातमी आली आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. नोकरी सोडून ते विद्यापीठात परतले होते. विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या वेळात, तुटपुंज्या पैशांत मिनामाताला जाऊ लागले. बरोबर असत शिसेई कुवाबारा, तेव्हा उमेदवारी करणारे छायाचित्रकार.

एकदा हे दोघं कारखान्याच्या रुग्णालयात गेले असताना तिथले डॉक्टर काही कामासाठी खोलीबाहेर गेले. मेजावर प्रयोगांची वही होती. कुवाबारांनी तिची छायाचित्रं घेतली. मांजर क्रमांक 400 ची नोंद जगापुढे आली ती अशी. डॉ. होसोकावांनी 1959 च्या जुलैपासून एका मांजराच्या अन्नावर कारखान्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइडचं सांडपाणी घालायला सुरुवात केली होती, आणि ऑक्टोबरात ते मांजर तसंच नाचू लागलं, झटके येऊन कोसळलं. कंपनीने प्रयोग थांबवायला सांगितले, निष्कर्ष दाबला. डिसेंबरातला करार झाला तेव्हा उत्तर कंपनीच्या घरात होतं. उई निवृत्त होसोकावांना जाऊन भेटले; नोंद खरी आहे, असं म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

उईंनी हे रसायन कामगारांच्या संघटनेच्या मासिकात लिहिलं, पण तोमिता हाचिरो या टोपणनावाने. शिक्षण अपुरं, पुढची नोकरी विद्यापीठाच्या हातात. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांनी मात्र स्वतःला दिला. 1965 च्या जूनमध्ये निइगाताच्या आगानो नदीकाठी तोच रोग उघडकीस आला. वर दुसऱ्या एका कंपनीचा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा कारखाना होता. आपण आधीच मोठ्याने बोललो असतो तर ही माणसं वाचली असती, ही बोच उईंना कायम राहिली. निइगाताच्या खटल्यात ते रुग्णांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. विद्यापीठात ते 21 वर्षं सहायकच राहिले, बढती कधी झाली नाही. 1970 पासून पंधरा वर्षं त्यांनी त्याच विद्यापीठाच्या सभागृहात संध्याकाळी प्रदूषणावर खुली व्याख्यानं चालवली. गृहिणी, कामगार, विद्यार्थी, कोणीही यावं. तिथे ते सांगत की प्रदूषणाच्या प्रत्येक प्रकरणात आधी रोग दिसतो, मग कारण सापडतं, मग वेगवेगळी प्रतिकारणं पुढे केली जातात आणि त्या गलक्यात खरं कारण विरून जातं. आणि या भांडणात त्रयस्थ कोणी नसतो. त्रयस्थ म्हणवणारा प्रदूषण करणाऱ्याच्याच पारड्यात बसतो. मी हे माझ्या विद्यार्थ्यांना शब्दशः पाठ करायला लावलं असतं, पण पाठांतराने ते येत नाही.

मिनामाताच्या रुग्णांनीही कंपनीवर खटला भरला होता. होसोकावांनी त्यात 1970 च्या जुलैत रुग्णशय्येवरून न्यायालयाला मांजराची हकिकत सांगितली आणि ऑक्टोबरात ते गेले. जपान सरकारने कारखान्याला कारण म्हणून मान्य केलं ते 26 सप्टेंबर 1968 ला, मे महिन्यात अ‍ॅसिटाल्डिहाइडचं उत्पादन बंद पडल्यानंतर. तोवर पारा वाहतच होता. कंपनीविरुद्धचा निकाल मार्च 1973 मध्ये लागला.

हाराडांचं भांडण तिथे संपलं नाही. 1977 मध्ये सरकारने रोगी कोणाला म्हणायचं याचे निकष ठरवले. त्यांत एक लक्षण पुरत नव्हतं, लक्षणांचा संच लागे. नुसते हातपाय बधिर असलेल्या हजारो लोकांचे अर्ज त्यावर फेटाळले गेले. तीस वर्षांहून जास्त काळ हाराडा न्यायालयांत रुग्णांच्या वतीने साक्षी देत राहिले. कुमामोतो विद्यापीठातून 1999 मध्ये ते निवृत्त झाले ते सहयोगी प्राध्यापक म्हणूनच. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1959 नंतर प्रदूषण न रोखल्याबद्दल सरकारलाही जबाबदार धरलं. 2013 च्या एप्रिलमध्ये, हाराडांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी, एकाच लक्षणावरूनही माणसाला मिनामाता रोगी मानता येईल असं त्याच न्यायालयाने म्हटलं. 1977 चे निकष मात्र त्यानंतरही सरकारने मागे घेतले नाहीत.