क्लीनर गेला, मग ड्रायव्हर कुठून येणार?

हल्ली कुठल्याही ट्रकमालकाकडे बसा, एकच रडगाणं: गाडी दारात उभी आहे, ड्रायव्हर मिळत नाही. निकालही तयारच असतो. पोरांना कष्ट नकोत, ड्रायव्हर पितात, टिकत नाहीत. मी कॉमर्सवाला, जन्म बँकेत गेला, सत्तरी उलटली. ठपका ठेवण्याआधी जमाखर्च बघायची खोड काही जात नाही.

आमच्या राखोलीचंच बघा. दादरा नगर हवेली 1954 साली मुक्त झाली आणि 1961 साली भारतात रीतसर सामील झाली. पुढे करसवलती आल्या आणि सिल्वासा, मसाट, राखोली या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. त्यात पॉलिएस्टर सुताचे पुष्कळ. हवेलीत रेल्वे स्टेशन नाही, ते वापीला. म्हणजे कच्चा माल येणार ट्रकने, तयार सूत भिवंडी-सुरतेला जाणार तेही ट्रकनेच.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर छोटे ट्रकमालक अग्रक्रमाच्या कर्जात आले. असे अर्ज मी बरेच तपासले. डिझेल, टायर, विमा, हप्ता, घसारा असे रकाने असायचे. भाड्याने चालणाऱ्या ट्रकला आयकरात आजही 30 टक्के घसारा मिळतो. गाडी झिजते हे सगळ्यांना मान्य. ड्रायव्हरही झिजतो, पण त्याला रकाना नव्हता.

आता गंमत बघा. डिझेलचा भाव पंपावर ठरतो, हप्ता बँकेत, भाडं माल पाठवणारा ठरवतो. मालकाच्या हातात उरतो फक्त पगार-भत्ता. पहिली कात्री लागली क्लीनरवर. क्लीनर म्हणजे नुसता काच पुसणारा पोरगा नव्हे. टायर बदलायचा, ताडपत्री आवळायची, गाडी मागे घेताना हाळी द्यायची. असं काही वर्षं केलं की मग स्टेअरिंग हातात यायचं. त्या शाळेत शिव्या होत्या, पगार नावाला होता, हे खरं. पण शाळा तीच होती. ती आपण बंद केली आणि आता विद्यार्थी कुठे गेले म्हणून विचारतो.

कायद्याचंही तेच. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम होतं. रस्त्यावर ते कोण पाळायचं? नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत असा नियम होता, तो 2018 साली काढला. 2019 साली सरकार म्हणालं, सुमारे 22 लाख ड्रायव्हर लागतील, म्हणून आठवी पासची अट रद्द. अट गेली, कामाचे तास तेच राहिले. मग अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेचं कलम आलं. जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हर संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ते कलम थांबवून ठेवावं लागलं. ड्रायव्हर म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो. हे ऐकायला संप व्हावा लागला.

एक गोष्ट चांगली झाली. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. पण कारखान्याच्या गेटवर माल उतरायची वाट बघत दिवस जातो, त्याचा भत्ता कोण देणार?

आणि मंडळी, एक प्रश्न आपल्यालाही. मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा ट्रक चालवतो म्हटल्यावर आपल्यापैकी किती घरं पुढे बोलणी करतात? मग पोरांना कष्ट नकोत, हे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?