शिकण्यातून सूट : विमा एजंटाच्या परवान्याची गोष्ट

माझे मामा विमा एजंट होते. २००१च्या सुमारास तालुक्याच्या गावी नव्या एजंटांचे प्रशिक्षणवर्ग भरू लागले, तेव्हा पारावर बसून ते ऐटीत सांगत, "आम्हाला परीक्षा नाही." त्या ऐटीमागे संसदेने मंजूर केलेले एक परंतुक आहे, हे मला फार उशिरा, विम्याचे जुने कायदे वाचू लागल्यावर कळले.

साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ ही विमा कंपनी काढली, त्या काळी विमा विकायला सरकारी परवाना लागत नसे. १९३८चा विमा कायदा १ जुलै १९३९ रोजी अमलात आला आणि त्याच्या कलम ४२ने एजंटाला परवाना सक्तीचा केला. तो कोणाला मिळू नये, याची यादी कलमातच होती : वयाने अज्ञान, वेडसर ठरलेला, अपहार, विश्वासघात, फसवणूक किंवा बनावट दस्त यांसाठी शिक्षा झालेला. एजंटाने काय केलेले नसावे एवढेच कायदा विचारी. त्याला काय यायला हवे, हे विचारीत नसे. १९५६ साली २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले, तरी परवान्याच्या कलमाचा हा स्वभाव बदलला नाही.

तो बदलला १९९९ साली. खासगी कंपन्यांना दार उघडणारा विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि कलम ४२मध्ये पात्रता, प्रशिक्षण व परीक्षा या अटी आल्या. २००० सालच्या नियमांनी त्यांना आकडे दिले. पहिल्या परवान्यासाठी शंभर तासांचे प्रशिक्षण. आयुर्विमा आणि सर्वसाधारण विमा असे दोन्ही विकायचे असतील तर दीडशे. परवाना तीन वर्षांचा. नूतनीकरणाआधी पुन्हा पंचवीस तास. भारतीय विमा एजंटाच्या बाबतीत 'शिकत राहा' असे कायद्याच्या भाषेत प्रथम म्हटले गेले ते इथे.

आणि लगेच अपवाद. एजंट राहतो त्या ठिकाणची लोकसंख्या पाच हजार किंवा अधिक असेल तर तो बारावी उत्तीर्ण हवा, त्याहून लहान वस्तीत दहावी पुरे. हा अपवाद मला समजतो. लहान गावात कनिष्ठ महाविद्यालय नसते, पण माणसे तिथेही मरतात आणि त्यांच्या मागे कुटुंब असतेच. दुसरा अपवाद पदव्यांचा. चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, एमबीए, मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे असोसिएट वा फेलो यांना शंभराऐवजी पन्नास तास. यांतल्या शेवटच्यांचे ठीक आहे, ते विमाच शिकलेले असतात. एमबीए झालेल्याला मृत्युदाव्याचा अर्ज कसा भरतात हे आपोआप कसे कळावे, याचे उत्तर मला नियमांत सापडले नाही. (२००७ साली सगळ्यांचेच तास शंभरावरून पन्नासावर आणले गेले, ते वेगळेच.)

तिसरा अपवाद मामांचा. ज्यांना आधीच परवाना मिळालेला आहे त्यांना पात्रता, प्रशिक्षण, परीक्षा यांतले काहीही लागू नाही, असे परंतुक कलमाला जोडले गेले. नूतनीकरणाचे पंचवीस तासही, नियम लागू झाल्यानंतर ज्यांनी परवाना घेतला त्यांनाच. जुने लाखो एजंट दोन्हींतून सुटले.

पंचवीस वर्षे घरोघर हिंडलेल्या माणसाला साठीत परीक्षेच्या बाकावर बसवणे क्रूरपणाचे झाले असते, हे मान्य. पण तीन वर्षांत पंचवीस तास म्हणजे परीक्षा नव्हे. आणि सूट मिळाली ती नेमक्या त्या दशकात, जेव्हा शेअरबाजाराशी जोडलेल्या पॉलिस्या खेडोपाडी पोहोचत होत्या.

बाजारातल्या नव्या मालाचे सोडा. मामा प्रत्येक घरात एक वाक्य सांगत : "नॉमिनीचे नाव घातले की पैसा त्याचाच." ते मनापासून सांगत, आणि ते चूक होते. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३च्या डिसेंबरातच निकाल दिला होता की नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा. मालकी वारसा कायद्याने ठरते. ज्याने बायकोचे नाव घातले त्याची आई हिंदू वारसा कायद्यानुसार वाटा मागू शकत होती. ज्याने भावाचे नाव घातले त्याच्या भावाला ती रक्कम वहिनीपासून लपवता येत नव्हती. मृत्युपत्राचे दोन कागद केले असते तर पुढची भांडणे टळली असती. पण मामांच्या शब्दावर विसंबून ते कोणी केले नाहीत. मामांना हे सांगायला एक दुपार पुरली असती. ती दुपार कायद्याने माफ केली होती.

पुढे परवानाच गेला. २०१५च्या दुरुस्तीने एजंट नेमण्याचे काम विमा कंपनीकडे सोपवले आणि २०१६च्या नियमांत सर्वांना दहावी पुरेशी ठरून गाव लहान की मोठे हा भेद मिटला. त्याच दुरुस्तीने कलम ४५ही बदलले : पॉलिसीवर आक्षेप घेण्याची कंपनीची जी मुदत आधी दोन वर्षांची होती, फसवणुकीचा अपवाद सोडून, ती तीन वर्षांची झाली आणि त्यानंतर कोणत्याही कारणाने आक्षेप घेण्याची वाट बंद झाली. कलम ३९ही बदलले. आईवडील, पतिपत्नी किंवा मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर रकमेवर हक्क त्यांचाच.

मामा २००९ साली गेले. त्यांचे वाक्य पाच वर्षांनी, एवढ्या नातलगांपुरते, खरे झाले.