कोड एडिटरमधला एआय मदतनीस : तो काय करतो, कुठे फसतो

कॉम्प्युटरचा प्रोग्राम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच. तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात त्याला कोड एडिटर म्हणतात. पॉलिटेक्निक किंवा बीसीए करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' दिसेल. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला आणि तो फुकट मिळतो. आता या एडिटरच्या आतच एआय मदतनीस येऊन बसलाय. त्यामुळे पालक आम्हाला विचारतात, कोड मशीनच लिहिणार असेल तर पोरांच्या कोर्सची फी कशासाठी भरायची? प्रश्न रास्त आहे. घरात पैसा मोजून येतो.

या मदतनीसांपैकी सर्वांत परिचित नाव 'गिटहब कोपायलट'. जून २०२१ मध्ये तो मोजक्या लोकांना चाचणीसाठी दिला गेला, जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. 'कर्सर' नावाचा दुसरा एडिटर तर एआय डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेला आहे. वापरायची पद्धत सोपी. मुलगी कोड लिहीत असते, तेवढ्यात पुढच्या ओळी फिकट करड्या अक्षरांत उमटतात. पसंत असतील तर टॅबचं बटण दाबायचं, नसतील तर एस्केप, किंवा आपलं लिहीत राहायचं. बाजूला गप्पांची चौकट असते, तिथे साध्या भाषेत विचारता येतं : "ही ओळ काय करते? चूक कुठे आहे?" मराठीत विचारलं तरी चालतं.

हा सगळा विचार आपल्या लॅपटॉपमध्ये होत नाही. लिहिलेल्या कोडचा आसपासचा भाग इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथलं मॉडेल पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवतं आणि उत्तर परत येतं. म्हणून यासाठी महागडा लॅपटॉप घ्यायची गरज नाही (दुकानदार काहीही सांगो), पण नेट लागतंच. आणि म्हणूनच पासवर्ड किंवा कोणाची खासगी माहिती कोडच्या फाईलमध्ये लिहून ठेवू नये.

'शक्यता जास्त' हे शब्द नीट धरा, कारण सगळी गोम तिथे आहे. उदाहरण घेऊ. मुलांना नेहमी दिला जाणारा प्रोग्राम : दिलेला शब्द उलटसुलट सारखाच वाचता येतो का ते शोधा. मदतनीस साधारणपणे पायथनमधली एक प्रसिद्ध ओळ देतो : शब्द उलटा कर आणि मूळ शब्दाशी ताडून पाहा. इंग्रजी 'मॅडम'ला ती चालते. 'नयन', 'कनक', 'सरस' यांनाही चालते. मुलगा खूश. आता त्याला 'नवजीवन' टाकायला सांगा. प्रोग्राम म्हणेल, नाही, सारखा नाही!

कारण आपण 'जी' हे एक अक्षर वाचतो, कॉम्प्युटर मात्र 'ज' आणि वेलांटी अशी दोन वेगळी चिन्हं साठवतो. उलटं करताना वेलांटी 'ज'च्या आधी येते, म्हणजे अलीकडच्या 'व'ला चिकटते आणि शब्द होतो 'नवीजवन'. उर्दू लिपीत 'दर्द' हा दाल, रे, दाल असा लिहितात, तिथे हीच ओळ बरोबर उत्तर देते. पण कोणी पहिल्या दालवर जबर टाईप केला की तिथेही फसते. कोडमध्ये चुकीचा संदेश येत नाही, काही लाल होत नाही. उत्तर तेवढं चुकतं. ही चूक पकडायला शब्द कसा साठवला जातो हे माहीत असलेला माणूस लागतो. त्याने मदतनीसाला "मात्रा आणि जोडाक्षरं एकत्र धर" असं नेमकं सांगितलं तर सुधारलेला कोड मिळू शकतो, तोही पुन्हा तपासावा लागतो. फी कशासाठी, याचं उत्तर आमच्या मते हे आहे.

सुरक्षेचंही तसंच. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोपायलटला ८९ प्रसंग देऊन १,६८९ प्रोग्राम लिहून घेतले. त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांत हल्लेखोराला आत शिरता येईल अशी फट सापडली. ते मॉडेल आता जुनं झालंय, पण तपासणीची गरज जुनी झालेली नाही. कधी कधी मदतनीस अस्तित्वातच नसलेल्या तयार लायब्ररीचं नाव सुचवतो. त्या नावाने कोणी घातक सॉफ्टवेअर ठेवलेलं असू शकतं, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी नाव तपासायचं.

शिकणाऱ्यांना आम्ही सुचवतो की पहिले काही महिने फिकट ओळी सेटिंगमधून बंद ठेवा आणि फक्त गप्पांची चौकट वापरा, तीही स्वतः एकदा लिहून झाल्यावर. उत्तर मागण्यापेक्षा "माझा कोड कुठल्या शब्दाला चुकेल?" असं विचारलेलं बरं. पालकांना कोड कळत नसला तरी एक गोष्ट जमते : पोराला शेजारी बसवून "ही ओळ काढली तर काय होईल?" एवढं विचारा. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेतही असेच प्रश्न येतात.

खर्चाचं म्हणाल तर डिसेंबर २०२४ पासून कोपायलटची फुकट योजनाही आहे. सुरुवातीला तिच्यात महिन्याला २,००० सूचना आणि ५० संवाद मिळत होते. मर्यादा बदलत राहतात, आधी पाहून घ्या. शिकणाऱ्याला तेवढं पुरतं. पैसे भरून घ्यायची योजना नोकरी लागल्यावर बघता येईल.